आधी देऊळ, मग सुरमई

एकाच घरात राहून नवरा-बायकोची भेट होत नाही, असं सांगितलं की आई हसते. पण माझी शिफ्ट अमेरिकेच्या घड्याळावर चालते, नवऱ्याची मुंबईच्या. मी सकाळी घरात शिरते तेव्हा हा दाढी करत असतो! त्यामुळे परवा दोघांना एकच रविवार रिकामा मिळाला तेव्हा मॉल नको, पिक्चर नको, सरळ चौल-रेवदंडा गाठायचं ठरलं. त्यातून डोक्यावर एक विषय टांगलेला होता. नवऱ्याला हैदराबादला ट्रान्स्फरची ऑफर होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. ‘तिथे निवांत बोलू,’ एवढंच आमचं ठरलं होतं.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडली. २०२० साली ही बोट सुरू झाल्यापासून आपली स्कूटर सोबत घेऊन तासाभरात मांडव्याला उतरता येतं. गेटवेवरून कॅटमरानही आहे, पण ती पावसाळ्यात बंद. शिवाय स्वतःची दोन चाकं असली की वाटेत वाट्टेल तिथे थांबता येतं. तिकडून येणारी शेवटची फेरी मात्र आधीच बघून ठेवा, नाहीतर मुक्काम पक्का.

अलिबाग सोडलं की लगेच आक्षी. इथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतला सगळ्यात जुना शिलालेख हाच, असं अनेक अभ्यासक मानतात. माणूसभर उंचीही नसलेला दगड आणि त्यावर झिजलेली अक्षरं. आम्ही दोघंही इंग्रजीत मेल लिहून पोट भरणारे. दगडासमोर उगाचच शहाण्यासारखे उभे राहिलो.

माझी अट एकच होती, मासे खाऊन देवळात जायचं नाही. म्हणून आधी देवळं, मग सुरमई. नवरा नास्तिक, पण भुकेला धरून असतो, त्यामुळे त्याने देवळांचा स्पीड वाढवायचा प्रयत्न केला. चौलच्या रामेश्वराने तो हाणून पाडला. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून रस्ता येतो आणि एकदम समोर पुष्करणी. पलीकडे कौलारू देऊळ, दीपमाळा, नंदी. सभामंडपात जमिनीखाली तीन कुंडं आहेत, पर्जन्य, अग्नी आणि वायू. दुष्काळ पडला की पर्जन्यकुंड उघडायची जुनी रीत. हे कळल्यावर नास्तिक माणूस पायरीवर बसला तो उठेचना. पाण्यात पाय सोडणार होता, पण समोरच्या आजींनी नुसतं बघितलं आणि त्याने मुकाट मांडी घातली.

पुढे शितळादेवी. मुलांना देवी येऊ नयेत, आल्याच तर ओसराव्यात, म्हणून पूर्वी लोक हिला साकडं घालत. देवीच्या रोगाचं जगातून उच्चाटन झाल्याचं १९८० साली जाहीर झालं. देवीचं देऊळ अजून गजबजलेलं आहे. हे मला फार आवडलं.

मग रीतसर सुरमई. एका घरगुती खाणावळीत थाळी, वर दोन-दोन वाट्या सोलकढी. याबद्दल जास्त लिहीत नाही, तुम्ही ऑफिसात बसून वाचत असाल.

संध्याकाळ रेवदंड्याला. अख्खं गाव पोर्तुगीजांच्या तटबंदीच्या आत वसलंय, वाड्या, घरं, शाळा, सगळं. १७४० मध्ये मराठ्यांनी हा किल्ला घेतला. आत सातखणी मनोरा आहे, त्याचे चारच मजले उरलेत. तट ओलांडला की थेट समुद्र. वाळू काळसर, पांढऱ्या वाळूचे फोटो हवे असतील तर निराशा होईल. पण रविवार असूनही गर्दी नव्हती, आणि ओहोटीला पाणी इतकं मागे गेलं होतं की चालता चालता बोलायला भरपूर जागा होती.

तरी विषय निघेना. शेवटी काढला तो एका रशियन माणसाने. अफनासी निकितिन नावाचा व्यापारी पंधराव्या शतकात याच चौल बंदरात उतरला, विकायला एक घोडा घेऊन. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा जप्त केला, मग महत्प्रयासाने परत मिळाला आणि अखेर विकला गेला बीदरला. नवरा हे सगळं मोबाइलवर वाचून दाखवत होता. मध्येच म्हणाला, ‘‘बीदर हैदराबादपासून जवळच आहे गं.’’

‘‘घोडा कोण, मी?’’ मी विचारलं.

तो हसला नाही. म्हणाला, ‘‘तू नको म्हणालीस तर मी नाही सांगेन. पण मनापासून म्हण.’’

मनापासून ‘नको’ निघेना. मुंबई सोडायची भीती होती, आईपासून लांब जायची होती. पण माझं घड्याळ अमेरिकेचंच. ते दादरला काय आणि गचीबावलीला काय, रात्रीच वाजणार. ‘‘मला माझ्या मॅनेजरशी बोलू दे. तोवर जूनपर्यंतची मुदत माग,’’ मी म्हटलं. एवढं ठरायला आम्हाला दोन महिने लागले होते, आणि इथे पायाखालची वाळू सुकायच्या आत ठरलं. मग घाई उडाली, कारण शेवटची बोट!

सोमवारी सकाळी घरी आले तर हा दाढीच करत होता. फेसाळ तोंडानेच म्हणाला, ‘‘जूनचा मेल टाकला.’’ स्कूटरच्या डिकीत अजून काळी वाळू आहे.