तपासल्याशिवाय दिलेला नकार

टेंभुर्णीत माझा दवाखाना आहे, त्याला तीस वर्षं होऊन गेली. महामार्गावरचे अपघात, ऊसतोड मजुरांच्या लेकरांचे ताप, अडलेली बाळंतपणं, सगळं इथं बघितलं. तरी एक मुलगा मनातून जात नाही. कारण त्याला मी बघितलंच नव्हतं.

२०१२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. साडेतीन वर्षांच्या नातवाला बोटाला धरून आजोबा आले. माझे जुने पेशंट. "डॉक्टर, पोराची सुंता करायचीय. पूर्वी सुंता करणारा खलिफा आता राहिला नाही. परक्याच्या हातात पोर द्यायला जीव होत नाही. तुम्हीच काहीतरी बघा."

मी सर्जन नव्हे, पण सोलापूरला ओळखीच्या सर्जनकडे चिठ्ठी देऊ शकलो असतो. ती दिली नाही. उलट त्यांना सुनावलं: निरोगी लेकराच्या अंगाला कात्री लावायचा अधिकार आईबापालाही नाही, मोठा झाला की त्याचं तो ठरवेल. त्याच वर्षी जर्मनीतल्या कोलोनच्या न्यायालयाने चार वर्षांच्या मुलाची धार्मिक सुंता ही शारीरिक इजा ठरवली होती. ती बातमी मी दोनदा वाचली होती, आणि आपल्याकडेही असंच झालं पाहिजे असं मला मनापासून वाटत होतं. आजोबा गप्प उठले. मुलगा टेबलाशी उभा होता. त्याची चड्डीसुद्धा मी काढायला लावली नाही.

पंधरा दिवसांनी तालुक्यात फिरणाऱ्या कुणा माणसाने घरीच ते उरकलं. मुलाला नवरदेवासारखं नटवलं, हार घातले, जेवणं झाली. चार महिन्यांनी त्याची आई त्याला घेऊन आली. लघवीची धार पायावर पडते म्हणाली. या वेळी मी दिव्याखाली बघितलं. लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, बोटभर खाली होतं. याला हायपोस्पेडियास म्हणतात. दोन-तीनशे मुलग्यांत एखाद्याला असतो, आणि ऑपरेशनने दुरुस्त होतो. त्या दुरुस्तीसाठी सर्जनला जी कातडी लागते ती नेमकी पुढची, म्हणजे सुंतेत काढून टाकतात ती. म्हणून अशा मुलाची सुंता आधी करायचीच नसते, हे वैद्यकीच्या कुठल्याही पुस्तकात आहे.

आई म्हणाली, "जन्मला तेव्हाच सासूबाई म्हणाल्या होत्या, फरिश्त्यांनीच अर्धी सुंता करून पाठवलाय." या व्यंगात कातडी खालच्या बाजूला अपुरी असते, वरून झालरीसारखी लोंबते. आजीने जे अचूक पाहिलं होतं ते पाहायला मला एक मिनिट लागलं असतं. "आत्ता नको, दुरुस्तीच्या वेळी सुंता आपोआप होईल," एवढंच सांगायचं होतं, आणि आजोबांनी ते आनंदाने ऐकलं असतं. नंतर त्या मुलाच्या गालाच्या आतलं अस्तर काढून दोन टप्प्यांत दुरुस्ती करावी लागली. मी माझं तत्त्व सांभाळलं, त्याची किंमत त्या लेकराने दिली.

त्यानंतर मी माझ्याच कामाकडे नीट बघायला लागलो, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिची मला जास्त लाज वाटते. दरवर्षी चार-पाच हिंदू मुलांना मीच सुंतेच्या ऑपरेशनसाठी पाठवत होतो. "कातडी मागं सरत नाही, शू करताना फुगा होतो," असं आया सांगत. मी चिठ्ठी लिहून मोकळा व्हायचो. खरं तर जन्मतः बहुतेक मुलग्यांची कातडी चिकटलेलीच असते. ती वर्षांगणिक आपोआप सुटते, काहींची वयात येईपर्यंत. जन्मतः चिकटलेली कातडी आपोआप सुटते हे डग्लस गेर्डनर या ब्रिटिश डॉक्टरने १९४९ साली लिहून ठेवलंय. खरंच आवळलेली असेल, तरी पुष्कळदा मलमाने काम होतं. सुश्रुतानेसुद्धा निरुद्धप्रकश या विकारावर आधी तूप लावलेली नळी घालायला सांगितलीय, दर तीन दिवसांनी थोडी जाड. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी बाई तेल लावून ती कातडी रोज जोराने मागे ओढते. त्याने चिरा पडतात, व्रण धरतो आणि मग ती खरोखरच आवळते. त्या बाईला मी कधी एका शब्दाने अडवलं नव्हतं. शेजारच्या घरातली सुंता मात्र मला क्रूर वाटत होती.

आज मी बंदीच्या बाजूने नाही. कोलोनच्या निकालानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जर्मन संसदेने कायदा करून, वैद्यकीय नियम पाळून सुंतेला परवानगी दिली. तेव्हा मला तो कच खाणं वाटला होता, आता शहाणपणा वाटतो. केरळ उच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका गेली, ती २०२३ मध्ये फेटाळली गेली. बंदी आली असती तर आमच्या भागात ती फिरती माणसंच उरली असती, आणि रक्त थांबलं नाही तरी रात्री कुणी दवाखान्याचं दार वाजवलं नसतं.

श्रद्धेला थांबायला सांगितलं तर ती थांबते, हेही मला उशिरा कळलं. ज्यूंमध्ये सुंता आठव्या दिवशी. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींनी मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत ती शतकानुशतकं जपली. पण त्याच धर्मात आजारी बाळाची सुंता पुढे ढकलतात. दोन भाऊ सुंतेमुळे गेले असतील तर तिसऱ्याची करू नये, असं तालमूदमध्ये आहे. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, हा शब्द जन्मायच्या कितीतरी शतकं आधी! इस्लाममध्ये तर ठरलेला दिवसही नाही.

एका प्रश्नापाशी मात्र मी अजून अडखळतो. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मग बोहरा समाजात मुलींची सुंता करतात, तिचं काय? तिथंही डॉक्टरने केलं तर चालेल?" नाही चालणार. त्यात मुलीचा काडीचा फायदा नाही, आणि तिच्या इच्छेला आवर घालण्यासाठी ते केलं जातं. मी तिला तसं सांगितलं. पण "मुलाला तरी कुठं विचारतात?" या तिच्या पुढच्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. आजही नाही. म्हणून येणाऱ्या प्रत्येक आईबापाला मी आधी स्पष्ट सांगतो की तब्येतीसाठी याची गरज नाही, थांबलात तर काही बिघडत नाही. आफ्रिकेत एचआयव्ही रोखायला जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जी शिफारस केली, ती मुख्यतः तिथल्या मोठ्या, स्वतः तयार झालेल्या पुरुषांसाठी होती, हेही सांगतो. तरी करायचीच असेल, तर आधी तपासतो, घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही का ते विचारतो, आणि भूल देऊन करणाऱ्या सर्जनकडे चिठ्ठी देतो.

गेल्या पावसाळ्यात तेच आजोबा पुन्हा आले. धाकट्या लेकाचा मुलगा, चार दिवसांचा. या वेळी ते काही बोलले नाहीत. बाळाला टेबलावर ठेवलं आणि स्वतःच दुपटं सोडलं. मी दिवा ओढून घेतला. छिद्र टोकाला होतं.

"ठीक आहे," मी म्हणालो.

"मग कधी करायची?"

"घाई काहीच नाही."

त्यांनी दुपटं पुन्हा गुंडाळलं. "बरं," म्हणाले, "पुढच्या वर्षी आणतो. तेव्हा पुन्हा बघा."