काचेमागचा सामरी

सामरी मला पहिल्यांदा दिसला तो पडद्यावर नाही, मराठवाड्यातल्या सेलूच्या टॉकीजबाहेर तिकीट खिडकीशेजारच्या काचेच्या पेटीतल्या फोटोंत. सामरी म्हणजे रामसे बंधूंच्या 'पुराना मंदिर'मधलं भूत. हा सिनेमा १९८४चा. आमच्याकडे लागेपर्यंत बरेच दिवस गेले होते. मी तेव्हा अकरा वर्षांचा आणि सिनेमा फक्त प्रौढांसाठी. मामा टॉकीजचं सायकल स्टँड चालवायचे, तेवढ्या वशिल्यावर पेटीपर्यंत जाता यायचं.

"काय बघायलास रे सारखं? रात्री बोंबलत उठशील," मामा म्हणायचे. उठायचोही. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की पुन्हा पेटीसमोर उभा.

आठ-दहा फोटोंवरून मी अख्खा सिनेमा रचला होता. पुढे व्हिडिओवर खरा पाहिला, तेव्हा निम्मा वेळ जगदीपच्या 'शोले'छाप विनोदातच गेला. माझा सिनेमा जास्त बरा होता, हे माझं मत आजही कायम आहे.

असं का होतं, ते नंतर कळलं. पेटीतले फोटो म्हणजे रिळातून कापलेल्या चौकटी नसतात. सेटवर स्टिल फोटोग्राफर वेगळा असतो आणि तो नटांना थांबवून, दिवे लावून फोटो काढतो. रामसे बंधूंचा कारभार घरचाच. सात भाऊ, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला. मोठा स्टार परवडत नसे, म्हणून भूत हाच स्टार. सामरी झालेला अजय अगरवाल तर शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. प्रेक्षक खेचायचं काम या फोटोंनाच करावं लागे. पडद्यावर क्षणभर चमकून जाणारा चेहरा पेटीत आठवडाभर आपल्याकडे रोखून बघत राहायचा.

गोळा करायला लागलो ते पस्तिशीनंतर. टॉकीज बंद पडली, गोदाम रिकामं होऊ लागलं, आणि मामांनी निरोप धाडला, "तुझी भुतं रद्दीत चाललीत, ये." गोणपाटाखाली ओल धरलेला गठ्ठा होता. किलोच्या भावाने उचलला. घरी आणला आणि अधीरपणाने पहिले दोन फोटो ओढून सोडवायला गेलो. सामरीचा अर्धा चेहरा सोलून खालच्या फोटोला चिकटून आला. त्या रात्री जेवण गेलं नाही. नंतर एका जुन्या स्टुडिओवाल्याने सांगितलं, की फोटोच्या कागदावरचे असतील तर स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेव, आपोआप सुटतील. छापील कार्ड मात्र पाण्यात घालू नको, लगदा होईल.

फोटोंच्या पाठी पाहायला लागलो, तेव्हा दुसरीच गंमत कळली. कोपऱ्यांवर टाचण्यांची भोकं, कुठे सहा, कुठे चौदा. एकच संच गावोगाव फिरायचा. मराठवाडा १९४८ला निजामाच्या राज्यातून सुटला, १९६०ला महाराष्ट्रात आला, पण सिनेमाच्या धंद्यात तो 'निजाम' विभागातच राहिला. पुण्या-मुंबईचे वितरक वेगळे, आमचे वेगळे. सिकंदराबाद-मनमाड मीटरगेजच्या गाडीने रिळांच्या पेट्या उतरायच्या, सोबत फोटोंचं पाकीट. इथला खेळ संपला, की तेच पाकीट पुढच्या गावच्या टॉकीजकडे.

अमेरिकेत सिनेमांची लॉबी कार्डं, म्हणजे टॉकीजमध्ये लावायची छापील चित्रं, आठाच्या संचात छापली जात, अकरा बाय चौदा इंचांची. तिथले संग्राहक कोरं, बिनभोकाचं कार्ड शोधतात. मला कोरं नको वाटतं. भोक नाही म्हणजे ते कुठल्याच पेटीत लागलं नाही, कुठल्याच पोराने ते पाहिलं नाही.

बायको विचारते, "या भुतांचं करायचं काय?" मी 'आलम आरा'चं उदाहरण देतो. १९३१चा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज नाही. उरले ते काही फोटो आणि जाहिराती. हॉलिवूडचा नट लॉन चेनी याचा 'लंडन आफ्टर मिडनाइट' हा १९२७चा भयपटही गोदामाच्या आगीत गेला. २००२ साली तो पुन्हा उभा केला तो मुख्यतः स्टिल फोटोंवरून. बायकोला हे पटत नाही. तिचा मुद्दा कपाटातल्या जागेचा आहे आणि तो बरोबर आहे.

आज माझ्याकडे 'दरवाजा', 'तहखाना', 'वीराना', 'बंद दरवाजा' आहेत. बटर पेपर घालून, सेलोटेपचा स्पर्शही न होऊ देता ठेवलेले. 'पुराना मंदिर'चा संच मात्र अपुरा आहे, कारण चेहऱ्याचा तो फोटो मीच फाडला. जिंतूर, मानवत, गंगाखेड, पूर्णा, कुठल्याही बंद टॉकीजच्या गोदामात असा गठ्ठा सापडला तर रद्दीवाल्याच्या आधी मला कळवा. आणि चिकटलेला असला तर कृपा करून ओढू नका, तसाच राहू द्या.