पाणी किती फुटांवर आहे?

फेलोशिपच्या अर्जात एक रकाना असतो : तुमची मूळ विद्याशाखा कोणती? त्याच्या खालीच दुसरा : तुमचं संशोधन आंतरविद्याशाखीय कसं आहे? म्हणजे आधी एका डब्यात नीट बसायचं आणि मग त्यातून बाहेर कसं पडणार ते पाचशे शब्दांत सांगायचं. माझी एम. ए. भूगोलात झाली आहे, पायथॉन यूट्यूबवर शिकले. फेलोशिप कृत्रिम बुद्धिमत्ता आणि इतर शाखांना जोडणाऱ्या संशोधनासाठी आहे, आणि माझा विषय आहे पूर.

आम्ही साताऱ्यात राहतो, मामा सांगलीत, सूर्यवंशी प्लॉटमध्ये. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाई-माहुलीवरून कराडला येते, तिथं कोयना तिला मिळते आणि मग ती सांगलीत जाते. आमच्याकडचा पाऊस म्हणजे त्यांचं पाणी. त्यामुळे ऑगस्टमध्ये आमच्यात फोनवर ख्यालीखुशाली होत नाही. मामा विचारतात, "काय गं, कोयनेची दारं किती उघडली?" आणि आई विचारते, "आयर्विनला किती?" आयर्विन म्हणजे १९२९ साली वाहतुकीला खुला झालेला पूल. त्यावरच्या पट्टीत ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सांगलीतलं लहान पोरही हे दोन आकडे सांगतं.

२००५च्या पुरानंतर मामांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली, बाजूला साल लिहिलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा त्यांनी धान्याची पोती, मामीची शिलाई मशीन, कागदपत्रांची पेटी असं सगळं रेघेच्या हातभर वर रचलं आणि घरातच थांबले. हिशोब चोख होता. त्या वर्षी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५च्या कितीतरी वर. म्हशींची दावी कापून मामा-मामी बोटीतून निघाले. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. मामी आजही बोटीचं नाव काढू देत नाही.

प्रस्तावासाठी मी वाचायला लागले तेव्हा ती रेघ मला पुन्हा भेटली. गुगलनं भारतात पुराचे इशारे द्यायला २०१८मध्ये पाटण्यापासून सुरुवात केली. २०२४मध्ये त्यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला : जिथं पाणी मोजायची पट्टीसुद्धा नाही अशा नद्यांच्या पुराचा अंदाज मशीन लर्निंगनं काही दिवस आधी देता येतो. मोठं काम आहे, वाचताना अंगावर काटा आला. पण अशी मॉडेलं शिकतात ती मागच्या नोंदींवरून. शिकताना जेवढं पाणी पाहिलं त्याच्या फार वरचं पाणी आलं की त्यांचा अंदाज डळमळू शकतो. मामांनी एका पुरावरून शिकून घेतलं, मॉडेल हजारो पुरांवरून शिकतं. आजवर न आलेल्या पाण्यापुढं दोघांचीही पंचाईत तीच.

शिवाय कृष्णा काही मोकळी वाहणारी नदी नाही. एकट्या कोयनेत सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा वेगळीच. खाली कर्नाटकात अलमट्टी, तिच्यावरून भांडण वेगळं. दार किती आणि कधी उघडायचं हे पाऊस ठरवत नाही, माणूस ठरवतो, आणि तो वीज, सिंचन, खालच्या गावांचे फोन असं सगळं डोक्यात घेऊन ठरवतो. नुसत्या पावसाच्या आकड्यांवर शिकवलेल्या मॉडेलला हा माणूस दिसत नाही. माझ्या मते आंतरविद्याशाखीय म्हणजे हेच, बाकी शब्द शोभेचे.

अर्जाचा मसुदा चॅटजीपीटीला नीट करायला दिला तर मामा 'स्थानिक भागधारक' झाले आणि लाल रेघ 'समुदायाधारित पारंपरिक ज्ञान'. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भागधारक? आमचा साखर कारखान्याचा शेअर पण कधीच विकलाय." मग मी रेघ परत रेघच केली. शिफारसपत्र देणाऱ्या मॅडमनी मात्र घरगुती गोष्टी काढून संदर्भ वाढवायला सांगितले. थोडे वाढवले. रेघ ठेवली.

निवड झाली नाही तर तासिका तत्त्वावर शिकवणं आहेच : तास घेतला तर पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल निघेल तेव्हा निघेल. नेट-जेआरएफवाल्यांना जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार मिळतात. माझी जेआरएफ थोडक्यात हुकली. या फेलोशिपची रक्कमही साधारण तेवढीच आहे. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही, पण पप्पांनी शेवटची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती.

अवघड प्रश्न मामांनीच विचारला. "तुझं मशीन सांगणार काय? निघायचं का थांबायचं?"

"फूट सांगेल मामा. दोन दिवस आधी."

"फूट तर आयर्विनची पट्टीबी सांगती. माझ्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार ते सांग. म्हशी कुठं न्यायच्या ते सांग."

प्रस्तावाचा दुसरा भाग मी त्या रात्री नव्यानं लिहिला. आयर्विनचा आकडा गल्लीतल्या उंबऱ्यापर्यंत आणायचा. त्यासाठी घराघरांतल्या २००५, २०१९ आणि २०२१च्या खुणा मोजायच्या, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत बसवायच्या आणि मॉडेलनं काढलेला पुराचा नकाशा त्यांच्याशी ताडून बघायचा. आणि प्रत्येक घरात विचारायचं, तुम्ही कधी निघालात आणि कशासाठी थांबला होतात. या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं तक्त्यात कशी भरायची हे अजून ठरलेलं नाही. गोठा, आजारी सासू, चोरीची भीती, मागच्या वेळी पाणी आलंच नव्हतं.

अर्ज गेला. निकाल पावसाळ्याच्या तोंडावर लागेल. तोवर मी शनिवार-रविवार सांगलीला जाऊन भिंती मोजते आहे. बऱ्याच घरांना नवा रंग दिलाय, खुणा दिसत नाहीत. मग घरातली बाई भिंतीशी उभी राहून हात वर करते, "हितपर्यंत," म्हणते, आणि मी तिच्या बोटाला टेप लावते.