सरकती बेटे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना हे राज्य आहे. त्याच्यापुढे समुद्रात वाळूच्या लांबट बेटांची रांग पसरली आहे. तिला ‘आउटर बँक्स’ म्हणतात. मंडळी, बँक म्हटल्यावर पासबुक आठवू नका. इथे बँक म्हणजे वाळूचा बांध. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला पॅम्लिकोची उथळ खाडी. मागे तिकडे जाण्याचा योग आला. काही ठिकाणी बेट इतके अरुंद, की रस्त्यावर उभे राहिले तर दोन्हीकडे पाणी दिसते. खडक औषधालाही नाही.

जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. वादळात समुद्र फुगतो, लाटा वाळूचे उंचवटे ओलांडून आत शिरतात आणि समोरची वाळू उचलून बेटाच्या पाठीवर, थेट खाडीत नेऊन पसरतात. नदीचा पूर शेतात गाळ टाकतो ना, तसेच. पुढची कड झिजते, मागची भरते आणि सगळे बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकते. कधी बेटाचे दोन तुकडेच होतात. १८४६ च्या वादळाने फोडलेल्या दोन वाटांतून आजही बोटी जातात. २००३ साली ‘इझाबेल’ वादळाने हॅटरस बेट रस्त्यासकट तोडले. तो खिंडार बुजवायला दोनेक महिने लागले.

१९३० नंतरच्या मंदीत बेकारांना काम म्हणून सरकारने इथे काटक्यांची कुंपणे घालून वाळू अडवली, वर गवत लावले. मैलोगणती बांध उभा राहिला. त्याच्या भरवशावर रस्ता आला, घरे आली. पुढे १९७० च्या सुमारास पॉल गॉडफ्री या वनस्पतिशास्त्रज्ञाने जवळच्या, बांध न घातलेल्या कोअर बँक्स बेटांची पाहणी केली. तिथे वादळाच्या वाळूखाली गाडले गेलेले गवत पुन्हा वर येत होते. बांधाच्या बेटावर मात्र मागे वाळू पोचेना, समोरची झीज थांबेना, आणि बेट अरुंद होत चालले. बांधावर गवत लावा, माती अडवा, असे जन्मभर सांगत फिरलेल्या माझ्यासारख्याला हे चमत्कारिकच वाटले. पण आपली माती जागेवर राहून पिकते, ही वाळू हलत राहूनच टिकते.

हॅटरसचे दीपगृह १८७० साली बांधले तेव्हा समुद्र दीड हजार फूट दूर होता. शंभर वर्षांत तो सव्वाशे फुटांवर आला. शेवटी १९९९ साली ते ४,८०० टनांचे विटांचे धूड रुळांवर चढवून २३ दिवसांत २,९०० फूट मागे नेले. रोडॅन्थी गावाजवळचा रस्ताही वरचेवर वाळूखाली जाई. २०२२ साली तो बेटावरून काढून खाडीतल्या सुमारे चार किलोमीटरच्या पुलावर नेला.

त्याच गावातली समुद्राकाठची कित्येक घरे २०२० पासून लाटांत कोसळली आहेत. काही मालकांनी घर आख्खे उचलून मागे नेले. पण मागे जागा ती किती? पलीकडे खाडी आहे.