काऊची होडी

पहिली होडी धाकट्याला दिसली. त्याला कडेवर घेऊन मी चढ चढत होते. दम खायला एका दिव्याच्या खांबापाशी थांबले, तेवढ्यात माझ्या खांद्यावरून वर बघत तो म्हणाला, "आई, काऊ होडीत बसलाय." खांबावर खरोखरच लोखंडाचं एक छोटं गलबत होतं आणि त्याच्या दोन टोकांना बसलेले दोन कावळे.

लिस्बन शहराचं हे बोधचिन्ह. संत व्हिन्सेंटचं पार्थिव ११७३ मध्ये देशाच्या नैर्ऋत्य टोकावरून समुद्रमार्गे इथे आणलं, तेव्हा दोन डोमकावळे वाटभर त्या गलबताची राखण करत आले, अशी कथा आहे. मुलांना मी ती जमेल तशी सांगितली: एक चांगले बाबा होडीत झोपले होते आणि काऊ त्यांना सांभाळत होते. सहा वर्षांच्या थोरलीला 'झोपले होते'चा अर्थ बरोबर कळला. "आपल्या आजोबांच्या वेळी काऊ लवकर आला नव्हता ना?" तिनं विचारलं. गेल्या वर्षी पुण्याच्या ओंकारेश्वरावर माझ्या बाबांच्या दहाव्याला आम्ही दीड तास उभे होतो. ती तिथे नव्हती. घरातलं बोलणं तिच्या कानावर पडलं असणार. मी "हो" म्हटलं आणि आम्ही पुढे चालू लागलो.

आम्ही बारा दिवस ग्रासा नावाच्या टेकडीवर राहिलो. नवरा सकाळी कामाला जायचा, मग मी, दोन मुलं आणि पाण्याच्या तीन बाटल्या. बाबागाडी नेली होती, ती दुसऱ्या दिवशी दाराआड उभी केली ती परत निघेपर्यंत. लिस्बनचे पदपथ मुठीत मावतील एवढ्या दगडांचे असतात आणि त्यांच्या फटीत बाबागाडीची चाकं अडकतात. शिवाय पाच-पन्नास पावलांवर जिना येतो. पिवळी जुनी ट्राम दारावरून जाते, पण तिच्यासाठी रांगेत ताटकळण्याइतका धीर साडेतीन वर्षांच्या मुलाकडे नसतो. म्हणून चालायचं ठरलं. चालायचं म्हणजे थांबायचं. मांजर दिसलं की थांबा, वाळत घातलेल्या चादरीचं पाणी डोक्यावर पडलं की ते कुठून पडलं हे शोधायला थांबा, अरुंद गल्लीत ट्राम आली की भिंतीला पाठ चिकटवून, पोट आत ओढून थांबा. वहीत लिहून नेलेल्या ठिकाणांपैकी पहिल्या दिवशी एकही पाहून झालं नाही. होड्या मात्र अकरा सापडल्या.

तिसऱ्या दिवशी रॉसिउच्या चौकात पोचलो. हा सगळा चौक काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांचा आहे. १८४८-४९ मध्ये तो असा बांधला आणि तेव्हापासून त्या नक्षीला मोकळ्या समुद्राचं नाव आहे. मोठी माणसं तिथे कारंज्यांचे आणि नाट्यगृहाच्या खांबांचे फोटो काढतात. माझ्या मुलांना ना कारंजी दिसली, ना खांब. काळी लाट म्हणजे पाणी, पांढरी म्हणजे जमीन, आणि पाण्यात पाय पडला की बाद, असा नियम दोघांनी माझ्याकडे न बघताच करून टाकला. मग मीही पांढऱ्या लाटेवरून पावलापुढे पाऊल ठेवत निघाले. जमीन पूर्ण सपाट आहे हे माहीत असूनही मध्यावर मला तोल सावरावा लागला. डोळ्यांना लाट दिसली की पायांनाही ती लागते. हे मला त्या चौकात कळलं, आणि तेही मान खाली घालून चालले म्हणून.

तिथून वर चढून कार्मुच्या मठात गेलो. तिथल्या चर्चला छप्पर नाही. उंच कमानी फासळ्यांसारख्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये नुसतं आभाळ. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लोक प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला. मागून समुद्राची लाट आली आणि पुढचे काही दिवस शहर जळत राहिलं. आपल्याकडे किल्लारीचा भूकंप अनंत चतुर्दशीच्या रात्री, विसर्जन उरकून लोक झोपले होते तेव्हा झाला, ते आठवून अंगावर काटा आला. नंतर खालची पेठ आखीव चौकटीत पुन्हा बांधली. घरांच्या भिंतींच्या आत लाकडाचा सांगाडा घातला. त्याला तिथे 'पिंजरा'च म्हणतात. तो टिकतो की नाही हे बघायला नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं, असं सांगतात. एवढं ऐकल्यावर माझे दोन सैनिक सबंध उतार पाय आपटत उतरले. चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता, अशी त्या पेठेतल्या गल्ल्यांची नावं. तांबट आळी जवळून माहीत असलेल्या पुणेकराला ती परकी वाटत नाहीत. मठाबाहेरच्या चौकात नीलमोहराचा सडा पडला होता आणि पांढऱ्या दगडांवर जांभळी चिकट फुलं चपलांना लागून घरापर्यंत आली.

पाचव्या दिवशीची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी.

आल्फामा वस्तीच्या एका वळणावर पदपथ उखडलेला होता आणि एक म्हातारासा कारागीर बुटक्या स्टुलावर बसून दगड लावत होता. बाजूला पांढऱ्या दगडांचा ढीग, दुसऱ्या बाजूला काळ्यांचा. डाव्या तळहातावर दगड घ्यायचा, बोटांनी तो फिरवत फिरवत योग्य बाजू वर आणायची आणि उजव्या हातातल्या हातोडीनं टक्, टक्, दोन ठोके. कोपरा उडतो. वाळूत दगड बसवायचा, वरून एक ठोका, पुढचा दगड. दगड हातातच फोडत होता तो. ठोका तळहातावर बसत कसा नाही, हे बघत मीसुद्धा उभी राहिले. धाकटा त्याच्यासमोर उकिडवा बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. "चल रे" असं मी दोनदा म्हटलं, ते माझं मलाच पटलं नाही.

शेवटी धाकट्यानं हातोडीकडे बोट दाखवून मराठीत विचारलं, "हे काय?" कारागिरानं हातोडी उचलून त्याच्यासमोर धरली आणि म्हणाला, "मार्तेलु."

माझे बाबा वेंगुर्ल्याचे. पोस्टातली नोकरी त्यांना पुण्याला घेऊन आली, पण खुर्चीचा पाय, खिडकीची कडी, पाटाचं कुसू असली घरची कामं त्यांनी कधी बाहेर दिली नाहीत. पत्र्याच्या डब्यात खिळे, पटाशी, कानस आणि जुनी हातोडी. रविवारी सकाळी उंबरठ्यावर बसून ते हाक मारायचे, "मारतूल हाड गो जरा." शाळेत मी एकदा निबंधात मारतूल लिहिलं, तेव्हा बाईंनी त्याखाली लाल रेघ मारून 'हातोडी' लिहून दिलं. तेव्हापासून तो शब्द घराबाहेर काढायचा नाही असं मी ठरवलं, आणि बाबा गेल्यावर तो घरातूनही गेला. तो डबा आता माळ्यावर आहे.

मी त्या कारागिराला काय सांगणार होते? मला त्याची भाषा येत नव्हती. मी हातोडीकडे बोट करून म्हटलं, "मारतूल." त्यानं मान हलवली, माझा उच्चार सुधारावा तसं पुन्हा म्हणाला, "मार्तेलु." मी पुन्हा म्हटलं, "मारतूल." मुलं आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होती. मग त्यानं फुटलेल्या पांढऱ्या दगडाची एक कपची उचलून धाकट्याच्या हातावर ठेवली आणि पुढचा दगड घेतला. माझे डोळे का भरून आले हे त्याला कळायचं कारण नव्हतं. थोरलीनं मात्र माझा हात धरला आणि पुढच्या वळणापर्यंत सोडला नाही.

त्यानंतर होड्यांबरोबर शब्दही सापडू लागले. पाव तर पहिल्या दिवसापासून कानावर होता, फक्त तो नाकातून म्हटलेला. बटाटा जवळजवळ जसाच्या तसा. अननसही तसाच. घरमालकीण चावी देताना 'शाव' म्हणाली. जिना पुसणाऱ्या बाई 'बाल्द' म्हणाल्या ते बालदीला. थोरली म्हणाली, "यांनी आपले शब्द घेतलेत." मी म्हटलं, "आपण यांचे घेतलेत." त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण बटाट्याची भाजी आपलीच." त्यावर मला काही म्हणायचं नव्हतं.

बेलेंला नदीकाठी गेलो त्या दिवशी मात्र गोष्ट सांगणं अवघड झालं. तिथे जमिनीवर दगडाचं पन्नास मीटर व्यासाचं दिशाचक्र आहे आणि त्याच्या मधोमध जगाचा नकाशा, त्यावर गलबतं आणि सालं. मुलं जगावरून धावली. थोरलीनं शोधून हिंदुस्थान काढला आणि त्यावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली. जवळच्या मठात वास्को द गामाची समाधी आहे आणि पलीकडच्या चौकात उंच खांबावर अफोंसु द अल्बुकर्क. आपल्या हापूसला नाव मिळालं ते या अफोंसुचं, हे सांगितल्यावर धाकट्यानं पुतळ्याकडे फार आदरानं पाहिलं. मला ते तेवढ्यावर सोडवेना. आमचं कुलदैवत मंगेश. गोव्यात पोर्तुगीज अमलात देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा, १५६० मध्ये, माणसांनी कुशस्थळीहून ते लिंग उचललं आणि झुआरी ओलांडून प्रियोळला नेलं. बाबा दर वर्षी मंगेशीला जाताना हे सांगत. त्यांच्या तोंडून ऐकताना ती जुनी गोष्ट वाटायची. ज्या काठावरून ती गलबतं निघाली तिथे उभं राहून आपल्या मुलांना सांगताना तशी वाटली नाही. पाव देणाऱ्या, मुलांचे गाल कुरवाळणाऱ्या या माणसांवर राग धरायला माझं मन होत नव्हतं आणि गोष्ट गाळायलाही होत नव्हतं. मी जेवढी खरी आहे तेवढी सांगितली, मोजक्या शब्दांत.

थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "देव होडीतून गेला?"

"हो."

"मग त्याच्या होडीत काऊ होते का?"

"असतील," मी म्हटलं.

जूनचे दिवस होते. १३ जूनला संत आंतोनियुचा सण, त्यामुळे आल्फामाभर रंगीत कागदांच्या माळा, दारोदार सार्डिन भाजण्याच्या शेगड्या, आणि जागोजागी बारीक पानांच्या रोपट्यांच्या कुंड्या. मांजेरिकु नाव त्याचं. चेंडूसारखं गोल, दाट हिरवं. थोरली नाक खुपसायला वाकली तशी दुकानातल्या आजीनं तिला चटकन अडवलं. या रोपाचा वास नाकानं घ्यायचा नाही, म्हणजे रोप कोमेजतं, अशी तिथली समजूत. आजीनं थोरलीचा तळहात रोपावरून हलकेच फिरवला आणि तो तिच्याच नाकाशी नेला. थोरलीचे डोळे मोठे झाले. "आई, तुळस!" मी वास घेतला. तुळसच, पण अर्धी. उरलेला वास सब्जाचा. त्या दिवशी तिनं रात्री जेवताना हात धुवायला नकार दिला आणि मी आग्रह केला नाही.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही नदीवर गेलो. मोठ्या चौकाच्या टोकाला पाण्यात दोन दगडी खांब उभे आहेत आणि त्यांच्यामधून पायऱ्या थेट तेजु नदीत उतरतात. समुद्र जवळ असल्यानं नदीला भरती-ओहोटी असते. नऊ वाजत आले तरी उजेड होता. धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता, त्याच्या मुठीत ती पांढरी कपची. थोरली पायऱ्या मोजत होती. आलो तेव्हा कोरड्या पायऱ्या नऊ होत्या, मग आठ झाल्या.

पिशवीत सकाळचा एक पाव उरला होता. तो तिनं मागून घेतला, त्याचा तुकडा मोडला आणि पाण्यालगतच्या कोरड्या पायरीवर ठेवला.

"कुणाला?" मी विचारलं.

"काऊला. होडीतून येईल तेव्हा."

आसपास एकही कावळा नव्हता. पाण्यावर नुसते समुद्रपक्षी. मी काही बोलले नाही. पाणी पायरीला लागलं तसा तिनं तुकडा उचलून एक पायरी वर ठेवला आणि शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली. थोड्या वेळानं पाणी पुन्हा आलं, तिनं पुन्हा तो एक पायरी वर घेतला.