वालावलचे तळे आणि मामींचा उपवास

कुडाळहून वालावलला पोहोचलो की माडांच्या दाटीतून आधी तळे दिसते, मग काठावरचे लक्ष्मीनारायणाचे मंदिर. गावाच्या कडेने कर्ली नदी संथ वाहते. गेल्या मे महिन्यात आम्ही सारे आप्त येथे जमलो होतो.

अडुसष्ट वर्षांच्या माझ्या मामींना मधुमेह आहे. चार महिने त्यांनी भात-पोळी जवळजवळ सोडली होती. वजन उतरले होते, साखरही आटोक्यात होती. वालावलात मात्र नारळाच्या रसातले शिरवाळे, घावणे, आंबे, फणस! दोन दिवसांनी त्यांना अपराधी वाटू लागले. “कीटोसिस मोडलं रे, आता दोन दिवस काही खाणार नाही,” असे म्हणून त्यांनी केवळ पाणी आणि फुटी कढी यांवर राहायचे ठरवले.

दुसऱ्या पहाटे मळमळ, उलट्या, पोटदुखी सुरू झाली. घरच्यांनी पित्त म्हटले. साखर १६२ निघाल्याने सर्वांना हायसे वाटले. मला मात्र त्यांचा जलद, खोल श्वास खटकला. गोळ्यांची पिशवी पाहिली. तीत डॅपाग्लिफ्लोझिन होते. ती गोळी थांबवून आम्ही त्यांना तातडीने रुग्णालयात हलवले. रक्तात कीटोन आणि आम्ल दोन्ही वाढले होते. सलाईन, इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज देऊन त्या सावरल्या.

हे का घडले? कर्बोदके कमी झाली की यकृतातील साखरेचा साठा साधारण दिवसभरात ओसरतो आणि शरीर चरबीपासून कीटोन तयार करते. हे कीटोसिस. पुरेसे इन्सुलिन असेल तर कीटोन मर्यादेत राहतात. परंतु डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात उपवास आणि उन्हाळ्यातील पाण्याची तूट यांची भर पडली, तर रक्त घातक प्रमाणात आम्लयुक्त होऊ शकते. ग्लुकोमीटरवरील आकडा तेव्हा फसवा ठरतो.

म्हणून ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे: पथ्य मोडले तर प्रायश्चित्त नको. पुढच्या जेवणापासून नेहमीच्या आहाराकडे वळावे. कीटोसिस परतायला बहुधा दोन-चार दिवस लागतात. घाई करून लाभ नाही. मासे, अंडी, पनीर, पालेभाज्या, पुरेसे पाणी घ्यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी आहार एकाएकी घटवल्यास साखर धोकादायक उतरते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. तेव्हा आहार बदलण्यापूर्वीच डॉक्टरांकडून गोळ्यांची मात्रा ठरवून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा वृद्ध व्यक्ती आधीच कृश असल्यास, हा आहार स्वतःच्या मनाने करूच नये. उलट्या, धाप, गुंगी दिसली तर साखर नॉर्मल असली तरी रुग्णालय गाठावे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगावे.

आठवड्याने मामी पुन्हा वालावलला आल्या. सकाळी तळ्याकाठी सावकाश फिरून आम्ही घरी परतलो. ती गोळी आता बंद होती. पानात बांगड्याचे तिखले, लाल माठाची भाजी आणि अर्धी वाटी उकड्या तांदळाची पेज होती. वाटीकडे पाहत त्यांनी विचारले, “एवढी चालेल ना रे?”

“चालेल,” मी म्हणालो, “फक्त सावकाश जेवा.”