माश्यांचं माहेर

दिवाळीचं तिकीट तुम्ही कधी काढता? आम्ही यवतमाळवाले गणपतीतच कामाला लागतो. पुण्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सचे रेट असे काही चढतात, की तेवढ्या पैशात मित्रमंडळी गोव्याला जाऊन येतात. 'दरवर्षी तिथंच काय जायचं असतं गं?' हा प्रश्न तर ठरलेलाच. त्याचं उत्तर मला एका माशीनं दिलं. हो, माशीनंच. आग्या मोहोळाच्या!

पांढरकवड्याच्या बाजूला मामाचं शेत आहे. कपाशी आणि तूर. धुऱ्यावर एक जुना पिंपळ. तूर फुलायला लागली, की त्याच्या फांद्यांना मोठमोठी काळपट पोळी लटकू लागतात आणि ऊन तापलं, की एक दिवस झाड रिकामं. लहानपणी मला रडूच यायचं. मामा म्हणायचा, "येतेत वं बाई. दरसाल येतेत, याच झाडावर." मला वाटायचं, पोरीची समजूत काढतोय.

पण मामा शंभर टक्के बरोबर होता. २००० साली 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात आग्या माश्यांवरचं संशोधन छापून आलं. आसाममध्ये जागा सोडून गेलेल्या आणि काही महिन्यांनी परतलेल्या माश्यांची जनुकीय तपासणी केली, तर काय निघावं? त्याच जागी तीच राणी परत आली होती! आता यातली खरी गंमत ऐका. कामकरी माशी जगते जेमतेम दीड-दोन महिने. म्हणजे निघालेल्या बहुतेकजणी परतायच्या आधीच संपतात आणि परतणाऱ्या बहुतेकींनी ते झाड आधी पाहिलेलंच नसतं. तरी पोचतात. ना जीपीएस, ना रिझर्व्हेशन. राणीला जागा आठवते की जुन्या पोळ्याचा वास खुणावतो, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

फुलांचा पत्ता मात्र त्या चक्क नाचून सांगतात. पोट थरथरवत किती वेळ सरळ चाललं, यावरून अंतर आणि कुठल्या कोनात चाललं, यावरून सूर्याच्या संदर्भात दिशा. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ चं नोबेल विभागून मिळालं.

पुण्यातही माश्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे बरं का. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था, १९६२ पासूनची. सातेरी माशी पेटीत नांदते, त्यामुळे तिची पैदास करता येते, वसाहती वाढवता येतात. आग्याचं तसं नाही. तिला उघड्यावर एकच मोठं पोळं लागतं, ती पेटीत राहत नाही. म्हणजे तिला 'वाढवायचा' आपल्या हातातला उपाय एकच, तिला सुखानं परत येऊ देणं. शेजारच्या वर्ध्यातल्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं मध काढणाऱ्यांना हेच शिकवलं. पोळं जाळायचं नाही. फांदीलगतचा मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा.

आता थोडं कडू. २०१७ आठवतंय? त्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. मामाही त्यात होता. त्या संध्याकाळी त्याच्या डोळ्यांपुढे धुकं आलं आणि रोजच्या पायवाटेवर त्याला घर सापडेना. शेजारच्या शेतातल्या गड्यांनी उचलून आणलं. चार दिवस सलाईनवर होता. वाचला.

नंतर एका लेखासाठी वाचताना मला २०१२ चा एक फ्रेंच प्रयोग सापडला. माश्यांच्या पाठीवर इवलेसे रेडिओ टॅग लावले होते आणि त्यांना थायमेथॉक्झामचा, जीव जाणार नाही इतका छोटा डोस दिला होता. आपल्याकडे कपाशीवरच्या तुडतुड्यांसाठी वापरतात, तेच हे औषध. त्यातल्या बऱ्याच माश्या पोळ्याकडे परतल्याच नाहीत. वाट चुकल्या. मी लॅपटॉप बंद केला आणि मामाला फोन लावला.

मामानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मंग माह्यावानीच झालं म्हन त्याईचं." हल्ली तो दिवस मावळल्यावर, माश्या घरी गेल्या की मगच फवारतो. हातमोजे, मास्क घालून. पिंपळालगतची चार तासं तर सोडूनच देतो. मी शाळेत होते तेव्हा आम्ही त्या झाडावर सतरा पोळी मोजली होती. गेल्या थंडीत पाच होती. त्याआधी तीन.

तुमच्या सोसायटीच्या सातव्या मजल्याखाली पोळं लागलं आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पेस्ट कंट्रोल बोलवा' सुरू झालं, तर तेवढं जरा थांबा. पोळ्याला धक्का लावू नका. रात्री त्या बाजूचा दिवा बंद ठेवा, उजेडाकडे त्या झेपावतात. अगदीच अडचण असेल, तर न मारता पोळं हलवणारा जाणकार शोधा. नाहीतर काही महिन्यांत त्या आपणहून जातातच.

आणि पुढच्या वर्षी परत आल्या, तर वैतागू नका. तुमची गॅलरी त्यांचं माहेर झालीये, एवढंच!